दिसतं ते त्यांना खरंच दिसतं, बाय

बाय, काल फोनवर तू फार हळू बोललीस. घरात कुणी ऐकू नये म्हणून असेल. तरी सगळं पोचलं माझ्यापर्यंत. तिन्हीसांजेला सासूबाईंना अंगणात तुळशीपाशी लहान मुलं बसलेली दिसतात, ‘उपाशी आहेत गो, त्यांना पेज वाढ’ असं तुला सांगतात. परवा रात्री तर तुझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तू कोण? माझी सून कुठं गेली?’ आणि तू न्हाणीत जाऊन रडलीस. शेजारीण बाधा उतरवणाऱ्या घाडीकडे ने म्हणते, दीर म्हणतो म्हातारपण आहे, लक्ष देऊ नको, आणि भावोजी काहीच बोलत नाहीत.

फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की निवांत वाच. डिचोलीला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गेली, आणि घरात माझ्या सासऱ्यांचं अशाच जातीचं दुखणं मी शेवटपर्यंत केलं. तेव्हा जे सांगते त्यातलं काही शिकलेलं आहे, काही सोसलेलं आहे.

सगळ्यांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. सासूबाईंना ती मुलं खरंच दिसतात. त्या खोटं बोलत नाहीत, तुला छळायला नाटक करत नाहीत. आपण म्हणतो डोळ्यांनी बघतो, पण बघण्याचं मोठं काम मेंदूकडे असतं. डोळ्यातून आत जातो तो नुसता उजेड, सावली आणि रंग. त्यातून ही तुळस, हा मुलगा, ही सून अशी ओळख मेंदू उभी करतो. त्या कामात बिघाड झाला की नसलेलं माणूस समोर येऊन बसतं, आणि घरातलं माणूस परकं वाटायला लागतं.

हे मी तुझ्या समाधानासाठी सांगत नाही. १९९८ साली लंडनमध्ये डॉमिनिक फिच नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नजर अधू झाल्यावर नसलेल्या गोष्टी दिसणाऱ्या माणसांचे मेंदू स्कॅनरमध्ये तपासले. ज्याला चेहरे दिसत होते त्याच्या मेंदूचा चेहरे ओळखणारा भाग जागा झालेला होता, ज्याला रंग दिसत होते त्याचा रंगांचा भाग. खरा चेहरा समोर असताना जो भाग काम करतो, तोच भाग चेहरा नसताना काम करत होता. मग त्या माणसाला तो चेहरा खोटा कसा वाटेल? ‘तिथं कुणी नाही’ असं तू ओरडून सांगतेस, तेव्हा त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला सांगत असतेस. तू असतीस तर ठेवला असतास?

म्हणून खरं की खोटं हा वाद आजपासून बंद. त्या वादात जाणारी ताकद कारण शोधण्यात घाल. कारण तीन वाटांनी येऊ शकतं, आणि प्रत्येक वाटेचा डॉक्टर वेगळा, घाईही वेगळी.

पहिली वाट अचानक येणाऱ्या भ्रमाची, आणि तिच्यात सगळ्यांत जास्त घाई. काल-परवापर्यंत धड असलेलं म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत बडबडायला लागलं, दिवसाची रात्र केली, भिंतीवर किडे दिसू लागले, मध्येच गुंगीत गेलं, तर शरीरात दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं. लघवीचा जंतुसंसर्ग असतो आणि तापही नसतो. चैत्र-वैशाखात पाणी कमी पडलेलं असतं. रक्तदाबाच्या, जास्त लघवी करवणाऱ्या गोळीनं रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. साखर उतरलेली असते. कितीतरी दिवस शौचाला झालेलं नसतं. नाहीतर एखादी नवी गोळी सुरू झालेली असते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेसाठी दुकानातून सहज आणतो त्या गुंगीच्या गोळ्या, हाताचा कंप थांबवायला देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल, या म्हाताऱ्या मेंदूला झेपत नाहीत. कारण सापडून त्यावर इलाज झाला तर यातली बरीच माणसं सावरतात. रोज दारू घेणाऱ्याची दारू एकाएकी सुटली तरी दोन-तीन दिवसांत असंच दिसायला लागतं. त्याला घरी ठेवू नये, जिवावर बेततं. आणि तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तर कुणाला विचारत बसू नको. १०८ लाव.

सासूबाईंचं हे मागच्या गणेशचवथीपासून हळूहळू चाललंय असं तू म्हणालीस, म्हणजे ही वाट एकटी नसावी. तरी लघवी आणि रक्त तपासून घ्यायचंच. मूळ दुखणं दुसरं असलं तरी त्यावर असा संसर्ग बसला की दिसणं एकदम वाढतं.

दुसरी वाट डोळ्यांची. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहानं खराब झालेला डोळ्याचा पडदा, वयानं झिजलेला पडद्याचा मधला भाग. नजर बरीच कमी झाली की मेंदूच्या बघणाऱ्या भागाकडे माल येणं थांबतं, आणि तो भाग स्वस्थ बसत नाही. पडीक ठेवलेल्या शेतात कुणी न पेरता तण उगवतं, तसा तो आपलं आपणच चित्र उगवतो. माणसं, मुलं, जनावरं, फुलांच्या नक्ष्या, घरांच्या रांगा. या अवस्थेला शार्ल बोने या स्वित्झर्लंडमधल्या निसर्गअभ्यासकाचं नाव आहे. त्याच्या आजोबांना, शार्ल ल्युलँ यांना, नव्वदीच्या उंबरठ्यावर मोतीबिंदूनं दृष्टी अधू झाल्यावर नटूनथटून आलेले स्त्री-पुरुष, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. नातवानं ते १७६० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. आजोबांची बुद्धी शाबूत होती, समोरचं खरं नाही हे त्यांना कळत होतं.

हीच या दुखण्याची खूण. चित्रं नुसती दिसतात, बोलत नाहीत, आणि बघणाऱ्याला थोड्या वेळानं का होईना कळतं की हे खरं नव्हे. असं होणारी माणसं कमी नाहीत, बाय. ती सांगत नाहीत एवढंच. लोक वेडी म्हणतील, मुलं घराबाहेर काढतील, या भीतीनं तोंड मिटून बसतात. मी डोळ्यांच्या शिबिरांत रांगेतल्या आजी-आजोबांना शेजारी बसून हळूच विचारायची, ‘कधी नसलेलं काही दिसतं का हो?’ काहीजण माझा हात घट्ट धरायचे. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. ‘तुम्हाला वेड लागलेलं नाही, हे डोळ्यांमुळे होतंय’ एवढं ऐकूनच त्यांची निम्मी भीती जायची. चित्र दिसत असताना उजेड वाढवावा किंवा कमी करावा, उठून जागा बदलावी, डोकं न हलवता नजर डावीकडून उजवीकडे काही वेळ फिरवावी, चित्राला हात लावायला जावं. यानं पुष्कळांचं चित्र विरतं. आणि मोतीबिंदू काढून किंवा चष्मा बदलून नजर सुधारली, तर त्रासही उतरतो. सासूबाईंचे डोळे शेवटचे कधी तपासले, हे भावोजींना आजच विचार.

तिसरी वाट मेंदूच्या झिजेची. सासूबाईंना मुलं खरीच वाटतात, त्यांच्यासाठी पेज मागतात, तुझी ओळख मध्येच पुसते. हे ऐकल्यावर मला याच वाटेची शंका जास्त येते. निदान मात्र डॉक्टरच करतील, मी फोनवरून करणार नाही.

स्मृतिभ्रंश म्हटलं की लोकांना विसरणं तेवढं आठवतं. पण त्यात एक प्रकार असा आहे की विसरणं मागाहून येतं आणि दिसणं आधी. लेवी बॉडी डिमेन्शिया म्हणतात त्याला. फ्रिट्झ लेवी या जर्मन डॉक्टरानं १९१२ साली पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत बारीक गोळे पाहिले होते. १९७६ साली जपानच्या केंजी कोसाका यांनी तसेच गोळे स्मृतिभ्रंश झालेल्या बाईच्या मेंदूत सगळीकडे पसरलेले दाखवले, आणि हा आजार वेगळा आहे हे जगाला कळायला लागलं. अल्झायमरनंतर मेंदू झिजण्याच्या आजारांत याचाच नंबर लागतो, तरी तो ओळखला फार कमी जातो.

माझ्या सासऱ्यांना हाच होता. आमच्या ओसरीवर त्यांना खाणीतले कामगार बसलेले दिसायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या त्याला तेव्हा बराच काळ लोटला होता, पण ते मला सांगायचे, ‘गो, माणसं कधीची आली आहेत, चहा टाक.’ मागे वळून पाहिल्यावर खुणा एकेक जुळल्या. कित्येक वर्षं आधीपासून ते झोपेत हातपाय झाडायचे, ओरडायचे, एकदा कॉटवरून पडलेही. स्वप्नात शरीर निपचित ठेवायची सोय मेंदूत असते, ती या आजारात फार लवकर जाते. मग चाल मंदावली, पावलं घासायला लागली, चेहऱ्यावरचे भाव कमी झाले. आणि सगळ्यांत गोंधळात टाकणारी खूण म्हणजे चढउतार. सकाळी पेपर वाचून राजकारणावर बोलणारा माणूस दुपारी स्वतःची खोली ओळखेना. घरच्यांना वाटतं, मनात आणलं की बरे असतात, म्हणजे सोंग करतात. तसं नसतं, बाय. या आजाराची चालच तशी आहे. सासूबाईंच्या बाबतीत झोप, चाल आणि हे चढउतार नीट आठवून बघ.

आता एक गोष्ट फार जपून लक्षात ठेव, डॉक्टरांसमोर विसरू नको. भास बंद व्हावेत म्हणून हॅलोपेरिडॉलसारखी औषधं देतात. लेवी बॉडीच्या रुग्णांना ती भयंकर बाधू शकतात. माणूस लाकडासारखं ताठ होतं, गिळता येत नाही, जीवही जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये इयन मॅकीथ यांनी १९९२ सालीच हा इशारा दिला होता. म्हणून कुणीही ‘शांत करायची गोळी’ लिहून दिली तर अदबीनं विचार, ‘डॉक्टर, हा लेवी बॉडी तर नसेल ना? मग ही गोळी चालेल का?’ विचारण्यात उद्धटपणा नाही. या आजारात डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन या औषधांनी भास आणि गोंधळ पुष्कळांचा कमी होतो. आजार मुळातून जात नाही, पण दिवस सुसह्य होतात. आणि चालू असलेली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नको.

डॉक्टरकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नको. एक वही कर. काय दिसलं, किती वाजता, उजेड कसा होता, त्या घाबरल्या होत्या की खुशीत होत्या, त्या दिवशी शौचाला झालं होतं का, आदल्या रात्री झोप कशी होती. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाल, वैदूच्या पुड्यासुद्धा. आधी तुयेंच्या किंवा कासारवर्ण्याच्या सरकारी केंद्रात रक्त-लघवी होईल. डोळे म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात दाखव. तिथून चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, मेंदूविकार विभागात जा. पेडण्याहून बांबोळी म्हणजे अख्खा दिवस मोडतो, मला ठाऊक आहे. पण तपासणी सकाळची असते आणि यांचं डोकंही सहसा सकाळीच बरं असतं, तेव्हा पहाटे निघा. डॉक्टरांच्या पुढ्यात सासूबाई एकदम शहाण्यासारख्या बोलतील आणि तू खोटी पडल्यासारखं वाटेल. तेव्हा ती वही पुढे कर.

आता घरातलं. दिसण्याला सगळ्यांत जास्त खतपाणी घालतो तो अर्धवट उजेड. तिन्हीसांज व्हायच्या आधीच ओसरीवरचा आणि अंगणातला दिवा लाव. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा चार्जिंगचा दिवा हाताशी ठेव, मेणबत्ती नको, तिची सावली हलते. खुंटीवर लटकणारी साडी, शर्ट, छत्री रात्री माणूस होते, ती कपाटात जाऊ दे. मोठ्या फुलांचे पडदे आणि चादरी काढून साध्या रंगाच्या घाल, त्या नक्ष्यांत यांना चेहरे दिसतात. आरशातली बाई परकी वाटत असेल तर रात्री आरशावर कापड टाक. टीव्हीतली माणसं खोलीत आली असं म्हणत असतील तर मालिका बंद, भजन चालू.

चवथीला जास्त जप. डोक्यावर फळाफुलांची माटोळी लटकलेली, तिच्यात रंगीत दिव्यांची उघडझाप, घरभर पाहुणे, रात्रभर आरत्या आणि फुगड्या. आपल्याला त्यात आनंद असतो, पण थकलेल्या मेंदूला इतकं सगळं एकदम निवडता येत नाही. गणपतीच्या खोलीत त्यांना सकाळी गर्दी नसताना बसव, मनाजोगं दर्शन होऊ दे. उघडझाप करणारे दिवे काढून साधे लाव. संध्याकाळी मागच्या शांत खोलीत एकच ओळखीचं माणूस त्यांच्यापाशी असू दे. दीर आणि नणंदा नाराज झाल्या तर माझं नाव सांग.

मुलं दिसली म्हणाल्या की काय बोलायचं? ‘आहेत’ म्हणू नको, ‘नाहीत’ही म्हणू नको. ‘मला दिसत नाहीत, आई, पण तुम्हाला दिसतात हे मला पटतं. भीती वाटते का?’ असं विचार. भीती वाटत नसेल, मुलं नुसती बसली असतील, तर बसू देत. सगळेच भास घालवायची गरज नसते. भीती वाटत असेल तर हात धर, दिवा लाव, दुसऱ्या खोलीत घेऊन जा, काहीतरी हातात दे, शेंगा सोलायला, फुलं ओवायला. पेज वाढ म्हणाल्या तर ‘आधी तुम्ही दोन घोट घ्या’ म्हणून त्यांनाच दे. बहुतेक वेळा भूक त्यांचीच असते, नाहीतर कुणाला तरी जेवू घालायची आयुष्यभराची सवय असते.

‘तू कोण’ हे मात्र काळजाला लागतं, मी ते नाकारत नाही. एवढं केल्यावर हे ऐकायला मिळतं! पण त्यामागचं कारण कळलं की घाव थोडा हलका होतो. १९२३ साली पॅरिसमध्ये जोसेफ काप्ग्रा यांनी एका बाईची हकिकत मांडली. घरची माणसं बदलली आहेत, हुबेहूब दिसणारे तोतये येऊन राहिलेत, असं तिला वाटे. या प्रकाराला आज त्यांचंच नाव आहे. आपले मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत असाच एक तरुण तपासला, १९९७ साली ते प्रसिद्ध झालं. अपघातात डोक्याला मार लागल्यावर आईला समोर बघून तो म्हणे, ही आईसारखी दिसते पण आई नव्हे. तीच आई फोनवर बोलली की लगेच ओळखायचा. रामचंद्रन यांचं म्हणणं असं की चेहरा ओळखणं एका वाटेनं जातं आणि आपलं माणूस बघून मनात येणारी ऊब दुसऱ्या वाटेनं. दुसरी वाट तुटली की चेहरा सुनेचा दिसतो, पण आतून ‘माझी’ असं काही उमटत नाही. मग मेंदू आपल्या परीनं अर्थ लावतो, ही दुसरीच कुणीतरी आहे.

म्हणजे तुझ्यावरचा जीव आटलेला नाही, बाय. ‘माझी सून कुठं गेली’ असं विचारताना त्या तुलाच शोधत असतात. अशा वेळी ‘मीच ती’ म्हणून हट्ट करू नको. खोलीबाहेर ये, जरा थांब, मग बाहेरूनच रोजच्या आवाजात हाक मार, ‘आई, मी आले हं, चहा ठेवू का?’ आणि बोलत बोलत आत जा. आवाजाची वाट बहुधा शाबूत असते. त्यातूनही भीतीनं कुणाच्या अंगावर जायला लागल्या तर अडवाअडवी न करता मागे सर. विळी, कोयता, रॉकेल त्यांच्या हाताशी नको, परसातल्या विहिरीचं तोंड झाकलेलं असू दे, आणि हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळव.

आता घाडीचं. आपण दोघी एकाच घरात वाढलो, रवळनाथाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्या आईनं कधी शेतात पाय टाकला नाही. देवापुढे नारळ ठेवायचा तर ठेव. मनाला बळ मिळत असेल तर दृष्टही काढ. कोजागिरीच्या पुनवेला पेडण्यात देवाच्या तरंगांपुढे बाधा झालेली म्हणून किती माणसं आणतात, ते तू दर वर्षी बघतेस. त्यांच्या घरच्यांची तळमळ खरी असते. पण सासूबाईंना उपाशी ठेवणं, मिरच्यांची धुरी देणं, केस ओढणं, छडीनं मारणं, यातलं एकही त्या घरात घडता कामा नये. पलीकडे सिंधुदुर्गात २०१३ पासून अशा मारहाणीविरुद्ध कायदा आहे. आणि कायदा नसला तरी आपल्याला समजतं. सत्तरी ओलांडलेलं शरीर ते. आत सोडियम उतरलेलं असताना उपास घडला तर दुखण्याआधी उपायच घेऊन जाईल.

बाहेरचं काही लागलंय असं शेजारीण परत म्हणाली, तर तिला आपल्याच गोव्याच्या माणसाची गोष्ट सांग. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा तिनंही पाहिला असेल. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री १८१३ च्या सुमाराला पॅरिसमध्ये लोकांना संमोहनाचे प्रयोग दाखवत होता. त्या काळी बरेच जण समजत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी अदृश्य शक्ती वाहत समोरच्यात शिरते. फारियांनी ठामपणे सांगितलं, बाहेरून काहीही शिरत नाही, जे घडतं ते त्या माणसाच्या मनात घडतं. आपल्या मातीतल्या माणसानं दोनशे वर्षांपूर्वी सांगितलेलं आपण तरी ऐकायला हवं.

दिराचं ‘म्हातारपण आहे’ हेही सोडून देण्यासारखं नाही. त्याच्याशी भांडू नको, पण गप्पही बसू नको. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातच लोकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच आढळलं. स्मृतिभ्रंशाची लक्षणं सांगितली की लोक ओळखत होते, पण हा आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. वय झालं की असं होणारच, म्हणून डॉक्टरकडे कुणी नेत नव्हतं. त्यामुळे प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच दिसत, आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना मात्र असे म्हातारे ठाऊक होते. तुमच्या वाड्यावर येणाऱ्या आरोग्यसेविकेला ओसरीवर बसवून सांग. तिनं अशी आणखी घरं पाहिली असतील.

भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून जास्त जणांना कुठला ना कुठला स्मृतिभ्रंश आहे, एकूण ८८ लाखांच्या आसपास, आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. गोव्यात तर म्हाताऱ्यांचा वाटा देशाच्या सरासरीहून मोठा. त्यामुळे हे दुखणं एकट्या तुझ्या घरी आलंय आणि ते लपवायला हवं, असं मनात आणू नको.

आता तुझ्याबद्दल. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आधी लिहिलं असतं तर तू वाचून पान उलटलं असतंस. तू झोपत नाहीस. जेवतेस ते उभ्यानं. माहेरी येऊन किती काळ झाला. सुनेनं सगळं निमूट करायचं हे आपल्याला न सांगता शिकवलेलं असतं, पण या दुखण्याला एकटी बाई पुरत नाही.

आपल्या गोव्यातच याचा पुरावा आहे. गोमेकॉचे डॉ. अमित डायस, संगत ही संस्था आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ घरांत एक प्रयोग केला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेली ही सगळी माणसं घरीच राहणारी होती. त्यातल्या ४१ घरांत साध्या स्थानिक माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन पाठवलं. ही माणसं नियमानं घरी जात, आजार समजावून सांगत, त्रासदायक वागणं कसं हाताळायचं ते दाखवत, सांभाळणारीचं ऐकून घेत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत मिळे. बाकीच्या ४० घरांना हीच मदत सहा महिन्यांनी मिळायची होती. सहा महिन्यांनी पाहिलं तर रुग्णांच्या लक्षणांत फार मोठा फरक नव्हता. पण ज्यांच्याकडे मदतीला माणूस जात होता, त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचं मन खूपच सावरलेलं होतं, त्याच वागण्याचा त्यांना होणारा ताप कमी झाला होता. दुखणं तेवढंच होतं, बाय. ते वाटून घेतलं गेलं एवढाच फरक.

तुझं मन फार भरून आलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत. वृद्धांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ आहे. दोन्ही नंबर फोनमध्ये घालून ठेव. आणि सासूबाईंवर कधी ओरडलीस, मनात नको ते आलं, तर त्याचं ओझं वाहत बसू नको. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाच्या मनात ते येतं. ते आलं की समज, आता दुसऱ्या कुणीतरी पाळी घ्यायची वेळ झाली.

पाळ्या ठरवून टाका. रात्रीची एक आड एक भावोजींची. आईला बघून त्यांना रडू येतं म्हणून ते गप्प आहेत, असं मला वाटतं. त्यांना काम दे, म्हणजे बोलतील. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्याचं आणि म्हापशाला चिठ्ठी काढण्याचं काम दिराचं. वही तुझी. बांबोळीच्या दिवशी मी येते, म्हापसा स्टँडवर मला गाडीत घ्या. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी मी पेडण्याला राहायला येते, तेव्हा तू माझ्या घरी डिचोलीला जायचं आणि दोन रात्री सलग झोपायचं. सासूबाई मला ओळखणार नाहीत कदाचित. चालेल मला, मी बाहेरून हाक मारून आत जाईन.

हे पत्र वाचून झालं की लपवू नको. भावोजींना दे, नंतर दिराला दे. घरातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणूनच ते लिहिलंय.

तुझी,
ताई